प्रौढांचं शिक्षण : घरबसल्या किती, वर्गात किती?



मंडळाच्या देणगी निधीतून यंदा काय करायचं यावर बऱ्याच सूचना आल्या. त्यातली एक सूचना आपल्यापैकी अनेकांना एकदम पटली. ती अशी : महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यात तीस टॅब्लेट पाठवायचे, त्यात मराठी लिहायला-वाचायला शिकवणारं सॉफ्टवेअर घालायचं आणि गावातल्या निरक्षर प्रौढांना ते घरी न्यायला द्यायचे. वर्ग नको, फळा नको, शिक्षकाचं मानधन नको. ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तो शिकेल.

आम्ही, म्हणजे मंडळाच्या उपक्रम समितीतले पाच जण, सगळेच आयटीत नोकरी करणारे. त्यामुळे ही सूचना आम्हाला आवडणार हे उघडच आहे! पण निधी सगळ्यांच्या वर्गणीतून जमलेला आहे. म्हणून मत देण्याआधी असे प्रयोग जगात कुठे झाले, त्यात काय चाललं आणि का चाललं, याची आम्ही माहिती काढली. ती इथे मांडत आहोत. आमचा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो : यंत्र हवंच, पण ज्याला जितकं कमी वाचता येतं, त्याला तितकाच जवळ माणूस लागतो.

आधी शब्दांचे अर्थ

ज्यांची शाळा लहानपणी झालीच नाही किंवा मध्येच सुटली, अशा मोठ्या माणसांना लिहिणं, वाचणं, हिशोब आणि रोजच्या व्यवहाराला लागणाऱ्या गोष्टी शिकवणं म्हणजे प्रौढ मूलभूत शिक्षण. परदेशातून आलेल्यांना इथली भाषा शिकवणं हाही अमेरिकेत त्याचाच भाग धरतात. दूरशिक्षणात शिकणारा एकीकडे असतो, शिकवणारा दुसरीकडे आणि मध्ये टपाल, रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर किंवा फोन. या दोन्हींची सांगड घालून थोडं वर्गात आणि थोडं घरी शिकवलं, की त्याला ब्लेंडेड लर्निंग म्हणतात. आपण त्याला मिश्र शिक्षण म्हणू.

गरज किती आहे? २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सात वर्षांवरच्या दर शंभर माणसांत सुमारे ७३ साक्षर होती. महाराष्ट्रात हाच आकडा सुमारे ८२ होता. पण त्यातही पुरुषांमध्ये ८८ आणि बायकांमध्ये ७६. म्हणजे आपल्या 'प्रगत' राज्यात जवळजवळ दर चौथी बाई पुस्तकाचं पान वाचू शकत नव्हती. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी अशी एक तरी मावशी किंवा आजी असेल, जिचं पत्र दुसऱ्याने वाचून दाखवावं लागायचं.

कल्पना जुनीच आहे

दूरशिक्षण इंटरनेटबरोबर आलं असं आपल्याला वाटतं. पण १९४७ साली, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात सुतातेन्सा नावाच्या डोंगराळ खेड्यात होसे होआकीन साल्सेदो या तरुण पाद्र्याने शेतकऱ्यांसाठी रेडिओवर शाळा सुरू केली. शेतकरी रात्री घरात बॅटरीच्या रेडिओभोवती बसायचे. हातात छापील पुस्तिका असायची आणि रेडिओवरचा शिक्षक अक्षरं, हिशोब, शेती, आरोग्य शिकवायचा. ही शाळा चार दशकं चालली.

त्यातली खरी गोम मात्र रेडिओत नव्हती. प्रत्येक गटात शेजारपाजारचा एक थोडंफार वाचता येणारा माणूस नेमलेला असायचा. रेडिओवर 'आता पुस्तिकेतलं चित्र पाहा' असं सांगितलं की तो बोट ठेवून दाखवायचा, फळ्यावर अक्षर काढायचा, कोण आलं नाही ते पाहायचा. हा काही पदवीधर शिक्षक नव्हता, नुसता मदतनीस होता. पण त्याच्याशिवाय रेडिओला समोरच्या माणसाची चूक दिसली नसती.

दुसरं उदाहरण ब्रिटनचं. ऑक्टोबर १९७५ मध्ये बीबीसीने 'ऑन द मूव्ह' नावाची मालिका सुरू केली. रविवारी संध्याकाळी दहा मिनिटांचा कार्यक्रम. नंतर सिनेमात मोठं नाव कमावलेले बॉब हॉस्किन्स त्यात वाचता न येणाऱ्या हमालाचं काम करायचे. आता दहा मिनिटांत कोण वाचायला शिकणार? कोणीच नाही, आणि बीबीसीलाही ते माहीत होतं. कार्यक्रमात एक फोन नंबर दिला जायचा. तिथे फोन केला की आपल्या भागातल्या स्वयंसेवक शिक्षकाशी गाठ घालून दिली जायची. वाचता येत नाही हे सांगायची लाज वाटणाऱ्या माणसाला घरात बसून, कोणाला न कळता, पहिलं पाऊल टाकता यावं एवढंच टीव्हीचं काम. शिकवायचं काम पुढे माणसाने करायचं.

आपण राहतो त्या अमेरिकेत

इथे सोळा वर्षांवरच्या आणि शाळेत नसलेल्या लोकांसाठी प्रौढ शिक्षणाचे वर्ग चालतात. कम्युनिटी कॉलेज, स्थानिक शाळा, वाचनालयं असे वर्ग घेतात आणि ते बहुतेक ठिकाणी फुकट किंवा नाममात्र फीमध्ये असतात. त्यांना केंद्राकडून मिळणारा पैसा सध्या २०१४ च्या एका कायद्याखाली येतो. त्यात लिहिणं-वाचणं, हायस्कूलच्या तोडीच्या जीईडी परीक्षेची तयारी आणि इंग्रजी भाषा हे मुख्य भाग.

१९९६ मध्ये इथे टीव्हीवर 'क्रॉसरोड्स कॅफे' ही २६ भागांची मालिका आली. शहरातलं एक छोटं उपाहारगृह, तिथे काम करणारे वेगवेगळ्या देशांतून आलेले लोक, त्यांची भांडणं आणि अडचणी. अर्ध्या तासाचा भाग पाहायचा आणि मग घरी वहीतला अभ्यास करायचा. ज्यांना इंग्रजी अगदीच कमी येतं त्यांच्यासाठी फोटोंमधून गोष्ट सांगणारी वेगळी पुस्तिका होती. टीव्हीची जागा पुढे संकेतस्थळांनी घेतली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो काउंटीच्या शिक्षण विभागाने 'यूएसए लर्न्स' सुरू केलं. तिथे मोठ्या माणसांना फुकट इंग्रजी शिकता येतं.

दूरशिक्षण घेणाऱ्यांचे तास मोजायचे कसे, हा प्रश्न इथल्या सरकारी हिशोबात आला तेव्हा तीन पद्धती ठरल्या. एक, सॉफ्टवेअर स्वतः वेळ मोजतं. दोन, विद्यार्थ्याने किती काम केलं ते शिक्षक पाहतो आणि त्या कामाचे ठरवून दिलेले तास धरतो. तीन, धड्याची परीक्षा पास झाली की त्या धड्याचे तास मिळतात. आपल्या प्रोजेक्टच्या टाइमशीटसारखाच प्रकार! पण यात एक अट आम्हाला फार बोलकी वाटली. विद्यार्थी दूरशिक्षणाचा असला तरी त्याची पूर्ण नोंद होण्यासाठी किमान १२ तास माणसाशी थेट संपर्क लागतो. तो समोरासमोर असो, फोनवर असो किंवा व्हिडिओवर. सॉफ्टवेअरवर एकट्याने घालवलेले तास त्यात धरत नाहीत.

मग घरच्या अभ्यासाचा फायदा काय? साधा हिशोब करू. आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन-दोन तासांचा वर्ग म्हणजे ४ तास. तीस आठवड्यांचे १२० तास. आता त्याच माणसाने आठवड्यातले पाच दिवस रोज वीस मिनिटं घरी फोनवर अभ्यास केला, तर तीस आठवड्यांत ५० तास वाढतात. म्हणजे तेवढ्याच वर्गात चाळीस टक्क्यांहून जास्त सराव. दोन नोकऱ्या करणाऱ्या किंवा लहान मूल सांभाळणाऱ्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. शिवाय एखादा वर्ग बुडला तरी धागा तुटत नाही. प्रौढ शिक्षणात लोक बहुतेकदा 'जमत नाही' म्हणून गळत नाहीत. कामाची पाळी बदलली, मूल आजारी पडलं, गाडी बंद पडली आणि चार वर्ग बुडले, मग परत जायची लाज वाटते. मिश्र शिक्षण इथे खरं उपयोगी पडतं.

टीसीएसचा प्रयोग

आता आपल्या जवळचं उदाहरण. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक मानले जाणारे टीसीएसचे फकीरचंद कोहली (निधन २०२०) यांनी २००० साली कॉम्प्युटरवर आधारित प्रौढ साक्षरतेचा प्रकल्प सुरू करून दिला. सुरुवात आंध्र प्रदेशातून झाली आणि नंतर मराठीसह अनेक भारतीय भाषांत तो पोचला.

त्यामागचा विचार इंजिनीअरला शोभेल असा होता. मोठ्या माणसाला भाषा येतेच, फक्त ती कागदावर ओळखता येत नाही. मग त्याला 'अ आ इ ई' घोकायला कशाला लावायचं? ओळखीचा अख्खा शब्द पडद्यावर दाखवायचा, त्याचा आवाज ऐकवायचा, मग त्याचे तुकडे होताना दाखवायचे आणि तेच तुकडे दुसऱ्या शब्दात जोडायचे. समजा 'पाणी' हा शब्द आला. त्यातला 'पा' पुढे 'पाऊस' मध्ये दिसतो, 'पाटी' मध्ये दिसतो. लिहिणं मागे ठेवलं आणि आधी वाचनावर भर दिला. धड्यांचा आधार राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या पुस्तकांचाच होता. नेहमीच्या पद्धतीने साधारण २०० तास लागायचे, तिथे ४० ते ४५ तासांत साधं वाचन येऊ लागेल असा आराखडा होता. आणि यंत्रं कोणती? कंपन्यांनी अडगळीत टाकलेले जुने कॉम्प्युटर!

इथपर्यंत वाचून 'मग टॅब्लेट पाठवायला हरकत काय?' असं वाटेल. पण या प्रयोगात कॉम्प्युटर कोणी घरी नेत नव्हतं. एका कॉम्प्युटरसमोर पंधरा-वीस माणसं एकत्र बसायची आणि बाजूला 'प्रेरक' असायचा. तो सॉफ्टवेअर सुरू करायचा, धडा थांबवायचा, शब्द परत म्हणून घ्यायचा. तो प्रशिक्षित शिक्षक असायलाच हवा असं नव्हतं, कारण शिकवण्याचा मोठा भार सॉफ्टवेअरवर होता. सुतातेन्साचा मदतनीस आणि हा प्रेरक, दोघांचं काम एकच. यंत्रामुळे मास्तराची गरज कमी झाली, माणसाची नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मराठीत आपण बहुतेक जसं बोलतो तसंच लिहितो. च आणि ज चे दोन-दोन उच्चार, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं एवढ्याच काय त्या अडचणी. म्हणून चाळीस तासांची भाषा करता येते. इंग्रजीत ती करता येणार नाही. तिथे प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग वेगळं भांडण घेऊन येतं.

वाचता येत नसेल तर 'लॉगिन' कसं करायचं?

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. दूरशिक्षण घ्यायला थोडं वाचता यावं लागतं. पासवर्ड, मेनू, 'पुढे जा', 'अपडेट करा', 'स्टोरेज भरलं आहे' हे सगळं अक्षरांतच येतं. म्हणजे जे शिकायचं आहे तेच आधी येत असावं अशी अट पडते. त्यामुळे 'घरबसल्या किती आणि वर्गात किती' याचं सगळ्यांना लागू होणारं एकच उत्तर नाही. आम्हाला शिकणाऱ्यांचे तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार : कोणत्याच भाषेत वाचता येत नाही. पेन्सिल धरायची सवय नाही, पान कुठून सुरू होतं ते दाखवावं लागतं. यांना सुरुवातीला जवळजवळ सगळा वेळ माणूस लागतो. यंत्र असावं, पण माणसाच्या हातात. घरी न्यायचं तर आवाजाच्या रूपात न्यावं. व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवणं अनेक निरक्षर लोकांना छान जमतं. तेवढीच वाट खुली असते.

दुसरा प्रकार : अक्षरओळख झाली आहे, पण वाचन अडखळत होतं. यांना सराव हवा, आणि सरावासाठी यंत्रासारखा सोबती नाही. ते थकत नाही, हसत नाही, शंभर वेळा तेच वाचून दाखवतं. इथे अर्धा वेळ घरी आणि अर्धा गटात चालेल.

तिसरा प्रकार : वाचता व्यवस्थित येतं, पण प्रमाणपत्र हवं आहे किंवा नवी भाषा हवी आहे. यांचा बराचसा अभ्यास घरी होऊ शकतो. माणूस आठवड्यातून एकदा शंका सोडवायला आणि परीक्षेच्या आधी धीर द्यायला लागतो. १९८९ मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन याच लोकांपर्यंत पोचलं, आणि त्यांनीही अभ्यासकेंद्रं ठेवलीच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे तीन टप्पे आहेत. जीईडीची परीक्षाही २०२० पासून घरून देता येते, पण आधी सराव परीक्षेत ठरावीक गुण मिळवावे लागतात.

दुसऱ्या प्रकारासाठी भारतात एक फार सुंदर प्रयोग झाला. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमारास कल्पना मांडली की टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत गाण्याचे शब्द दाखवावेत आणि जो शब्द गायला जातो त्याचा रंग बदलावा. गाणं पाठ असतंच. डोळे आपोआप शब्दांवर जातात आणि न कळत वाचनाचा सराव होतो. आधी गुजरातीत आणि २००२ पासून दूरदर्शनच्या 'चित्रहार'मध्ये हे झालं. ना वर्ग, ना हजेरी, ना शिक्षक! पण त्याचा फायदा ज्यांना थोडीफार अक्षरं येतात त्यांना होतो. ज्याला एकही अक्षर येत नाही, त्याच्यासाठी ती खालची पट्टी म्हणजे नक्षीच.

'पण आता ॲप्स किती पुढे गेली आहेत!' असं कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेत प्रौढांना फोनवरून वाचायला शिकवणाऱ्या ॲप्ससाठी मोठी स्पर्धा झाली. २०१९ मध्ये 'लर्निंग अपग्रेड' आणि डॅलसच्या 'पीपल फॉरवर्ड्स' या दोन संघांना पहिलं बक्षीस विभागून मिळालं. ज्यांचं वाचन कच्चं आहे, अशा लोकांची प्रगती प्रत्यक्ष तपासून ते दिलं गेलं. म्हणजे ॲपने फरक पडतो. पण त्यानंतर ही ॲप्स लोकांच्या फोनवर पोचवण्यासाठी स्थानिक संस्था आणि गटांची वेगळी स्पर्धा घ्यावी लागली. ॲप फुकट होतं, फोन खिशात होता, तरी 'हे घे, असं उघड' म्हणणारा कोणीतरी लागलाच.

भारतात सध्या काय चालू आहे?

भारत सरकारचा 'उल्लास – नव भारत साक्षरता कार्यक्रम' २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या पाच कोटी लोकांना साक्षर करण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे. यात पगारी शिक्षकांऐवजी स्वयंसेवकांवर भर आहे. शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त लोक, घरातलीच सून किंवा नातवंडं हे शिकवतात. साहित्य 'दीक्षा' या सरकारी व्यासपीठावर आहे आणि २०२३ मध्ये कार्यक्रमाचं मोबाइल ॲपही आलं. शेवटी १५० गुणांची परीक्षा असते : वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. याच कार्यक्रमाखाली गोव्याने ३० मे २०२५ रोजी, म्हणजे आपल्या राज्यदिनी, पूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर केलं.

म्हणजे सॉफ्टवेअर आणि साहित्य फुकट उपलब्ध आहे. आपण ते नव्याने बनवायची किंवा विकत घ्यायची गरज नाही. कमी पडतो तो गावात रोज संध्याकाळी बसणारा माणूस आणि त्याचा वेळ.

मग आपण काय करावं?

आमची शिफारस अशी आहे. तीसऐवजी सहाच टॅब्लेट घ्यावेत. उरलेल्या पैशातून गावातल्याच एका किंवा दोघा जणांना मानधन द्यावं. शक्यतो बाई असावी, कारण शिकणाऱ्यांत बायका जास्त असणार. तीस जणांचे दोन गट करावेत आणि प्रत्येक गटाला तीन टॅब्लेट द्यावेत. आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड-दीड तास, म्हणजे साडेचार तास. दहा आठवड्यांत ४५ तास होतात. टीसीएसच्या आराखड्याइतकेच. पेरणी-कापणीची घाई आणि लग्नसराई सोडून दिवस धरावेत. गावात बचत गट चालत असेल तर त्याच्या बैठकीला जोडून वर्ग घ्यावा. तिथे पासबुक आणि नोंदवही समोरच असते, वाचायचं कारण वेगळं शोधावं लागत नाही.

हा प्रस्ताव असो किंवा पुढे कुठलाही येवो, पैसे देण्याआधी हे प्रश्न विचारावेत :

१. शिकणारे वरच्या तीनपैकी कोणत्या प्रकारातले आहेत?
२. जवळ बसणारा माणूस कोण, आठवड्याला किती तास, आणि त्याला मानधन आहे का?
३. यंत्र कोणाच्या ताब्यात राहणार? घरी नेलेला टॅब्लेट आईच्या हातात राहील की मुलाच्या गेममध्ये जाईल?
४. वीज गेली, स्क्रीन फुटली, तर त्या दिवशी वर्ग कसा चालणार?
५. यश कशात मोजणार? वाटलेल्या टॅब्लेटच्या संख्येत, की एसटीची पाटी वाचणं, बँकेची स्लिप भरणं, औषधाच्या बाटलीवरची सूचना कळणं यात?
६. दहा आठवड्यांनंतर वाचायला काय मिळणार? नवं शिकलेलं वाचन सरावाविना पुसलं जातं.

पाचव्या प्रश्नाबद्दल एक गंमत. पूर्वी 'अंगठ्याऐवजी सही' ही साक्षरतेची खूण होती. आता रेशन दुकानात आधारच्या यंत्रावर पदवीधरालाही अंगठाच टेकवावा लागतो! म्हणून सहीपेक्षा, यंत्रातून निघालेल्या पावतीवर किती किलो धान्य लिहिलंय ते वाचता येणं ही जास्त खरी परीक्षा आहे.

आणि दूरशिक्षणातला 'दूर'चा भाग? तो आपण उचलू शकतो. भारतातले संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. शनिवारी सकाळी मंडळातल्या दोघांनी व्हिडिओवर यायचं आणि गटातल्या बायकांनी आठवड्यात शिकलेलं आपल्याला वाचून दाखवायचं. शिकवायचं काही नाही, फक्त ऐकायचं. अमेरिकेत कोणीतरी आपलं वाचन ऐकायला बसलंय, हेच वर्गाला यायचं एक कारण होऊ शकेल. याला निधीतला एक डॉलरही लागत नाही.

आपल्या घरातही

हे सगळं फक्त गावासाठी नाही. आपल्यापैकी अनेकांचे आई-बाबा ग्रीन कार्डवर इथे राहायला आले आहेत. त्यांना मराठी उत्तम वाचता येतं, म्हणजे ते तिसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांना लहान मुलांचं 'ए फॉर ॲपल' देऊ नये. त्यांच्याकडे वाचनाची सवय आणि वहीत इंग्रजी शब्दाशेजारी देवनागरीत उच्चार लिहायची हातोटी असते. रोज अर्धा तास 'यूएसए लर्न्स'सारखा अभ्यास घरी आणि आठवड्यातून एकदा वाचनालयातला संभाषणाचा वर्ग, हे मिश्रण त्यांना जमतं. वर्गाला सोडायला-आणायला मात्र आपल्यालाच जावं लागेल, कारण गाडी आपल्याकडे असते. तेही या शिक्षणातलं माणसाचंच काम आहे.

ज्यांना नागरिकत्वाची परीक्षा द्यायची आहे त्यांनी घाबरू नये. इंग्रजी वाचनात तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं असतं आणि लेखनात तीनपैकी एक लिहायचं असतं. वय ५५ आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं, किंवा वय ५० आणि २० वर्षं झाली असतील तर इंग्रजीची अट माफ असते आणि नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाष्याच्या मदतीने मराठीतून देता येते.

आणि पुण्या-मुंबईच्या घरी आईकडे कामाला येणाऱ्या मावशींना वाचायला शिकायचं असेल, तर त्यांच्यासाठी प्रेरक घरातच आहे. आपली आई! दुपारी चहा झाल्यावर वीस मिनिटं, फोनवरचा एक धडा आणि शेजारी आई. आपण इथून रविवारी फोन केला की मावशींना दोन ओळी वाचून दाखवायला सांगायचं.

निधीचा निर्णय वार्षिक सभेत सगळ्यांनी मिळून घ्यायचा आहे. टॅब्लेटची सूचना ज्यांनी मांडली त्यांचे आभार, कारण त्यामुळेच हा विषय निघाला. आमची विनंती एवढीच की मत देताना यंत्राच्या किमतीबरोबर माणसाच्या तासांचाही हिशोब मांडावा. शनिवारच्या वाचनासाठी ज्यांना महिन्यातून एक सकाळ देता येईल त्यांनी सभेत आपलं नाव जरूर द्यावं. आम्हा पाच जणांची नावं यादीत आधीच घातली आहेत.

सभेत भेटूच!

– उपक्रम समिती